मदत हवी आहे : कमांड्स कलेक्शनमधून भलताच ऑब्जेक्ट मिळतो, एरर मात्र येत नाही

नमस्कार. सीएमएमच्या (वस्तूंची अचूक मापे घेणाऱ्या यंत्राच्या) मोजमाप सॉफ्टवेअरमधून निवडक छिद्रांचे व्यास एक्सेलच्या तक्त्यात आपोआप यावेत, यासाठी मी व्हीबीएमध्ये (एक्सेलमधल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत) मॅक्रो लिहीत आहे. पहिल्या स्तंभात छिद्रांची नावे आहेत. मॅक्रो सेलची व्हॅल्यू कमांड्स कलेक्शनच्या (सॉफ्टवेअरमधल्या कमांडच्या यादीच्या) आयटमला, म्हणजे यादीतली हवी ती कमांड शोधून देणाऱ्या सोयीला, देतो आणि मिळालेल्या ऑब्जेक्टचा व्यास शेजारच्या सेलमध्ये लिहितो.

‘101ए’ आणि ‘101बी’ यांचे व्यास बरोबर येतात, पण नुसत्या ‘101’ समोर दुसऱ्याच छिद्राचा व्यास उमटतो. ‘640’ समोर तर वरच्या ओळीतलाच आकडा येतो, दशांश चिन्हापुढचे चारही अंक तेच. दोन्ही छिद्रे सॉफ्टवेअरमध्ये याच नावांनी आहेत आणि नावामागे मोकळी जागाही राहिलेली नाही. कलेक्शनचा काउंट, म्हणजे त्यातल्या कमांडची संख्या, 412 आहे. जुन्या मॅक्रोतून आलेले ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (एरर आली तरी न थांबता पुढच्या ओळीवर जा) सुरुवातीलाच आहे.

शिवाय, तात्पुरत्या कमांड काढून टाकण्यासाठी 1 पासून काउंटपर्यंत फॉर लूप चालवला की लागोपाठ असलेल्यांपैकी एकाआड एक शिल्लक राहते. दोन्ही अडचणींचे मूळ एकच असावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :

मुळे वेगवेगळी आहेत. सेलमध्ये नुसते 101 असेल तर व्हॅल्यू मजकूर न देता डबल (दशांश) प्रकारची संख्या देते, आणि नाव व क्रमांक दोन्ही स्वीकारणारे आयटम संख्येला क्रमांक समजते. म्हणजे आपल्याला 101 नावाचे छिद्र नव्हे, तर यादीतली 101वी कमांड मिळत आहे. 640वी कमांड तर 412 च्या यादीत नाहीच. तिथे एरर येते, पण रिझ्यूम नेक्स्ट ती गिळून टाकते. ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये ठेवणारे ‘सेट’ फसल्यामुळे त्यात आधीचाच ऑब्जेक्ट राहतो आणि त्याचाच व्यास पुन्हा लिहिला जातो. चुकीचा अहवाल बिनबोभाट तयार करणारी ही ओळ आधी काढावी.

आयटमला देण्यापूर्वी व्हॅल्यू ‘सीस्ट्र’ने मजकुरात बदलावी. सेलचे फॉरमॅट आता टेक्स्ट केले तरी आधी भरलेली संख्या पुन्हा भरेपर्यंत संख्याच राहते. सेलची ‘टेक्स्ट’ प्रॉपर्टीही वापरू नये, कारण ती पडद्यावर दिसते तेच देते आणि स्तंभ अरुंद असल्यास नुसत्या हॅशच्या खुणा हाती येतात. प्रत्येक शोधापूर्वी व्हेरिएबल ‘नथिंग’ (रिकामे) करावे आणि शोधानंतर ते ‘नथिंग’ आहे का, हे तपासूनच व्यास वाचावा.

काढण्याच्या लूपमध्ये सातवी कमांड काढताच आठवी सातव्या जागी सरकते, पण लूप आठव्या जागेकडे जातो, त्यामुळे ती सुटते. म्हणून काउंटपासून 1 पर्यंत, ‘स्टेप -1’ देऊन, उलटे यावे. शिवाय फॉरची वरची मर्यादा सुरुवातीला एकदाच वाचली जाते. त्यामुळे सध्याचा लूप शेवटी नसलेल्या क्रमांकांवरही जातो, आणि तिथल्या एररही त्याच एका ओळीमुळे आपल्याला दिसलेल्या नाहीत.