मदत हवी आहे: वारसा झाला, उताऱ्यावर आईचं नाव आलं, पण आधारशी जुळत नाही. पीएम किसान अडकलंय (बेळगाव तालुका)

धूळवाफ

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, बाची-शिनोळीच्या अलीकडे. बाबा जून 2023 मध्ये गेले. धूळवाफेची पेरणी त्यांनीच केली होती, भात नुकतं वर दिसायला लागलं होतं. त्यांच्या नावावर 1 एकर 28 गुंठे. खाली भात, माळाच्या तुकड्यात रताळी. वारसा व्हायला वर्ष गेलं. आता उताऱ्यावर आई, मी आणि धाकटा भाऊ अशी तिघांची नावं आहेत. भाऊ पुण्याला नोकरीला, मी उद्यमबागेत फौंड्रीत. शेत बघते ती आईच. आम्ही रविवारपुरते.

बाबांना पीएम किसानचे वर्षाला 6000 यायचे, 2000 च्या तीन हप्त्यांत. ते आता आईला मिळावेत म्हणून रैत संपर्क केंद्रात, म्हणजे इकडच्या कृषी खात्याच्या कचेरीत गेलो. त्यांनी सांगितलं, आधी एफआयडी काढा, म्हणजे फ्रूट्स पोर्टलवरचा शेतकरी क्रमांक. तो नसला तर बियाण्याची सवलत नाही, औजाराचं अनुदान नाही, काहीच पुढे सरकत नाही. कागद घेऊन तिथंच बसलो, आणि गाडी नावावर अडली.

उताऱ्यावर कन्नडमध्ये आईचं नाव, पुढे ‘कोम’ (म्हणजे ‘यांची बायको’), पुढे बाबांचं नाव. आडनाव नाही. आधारवर तिचं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव. बाबांच्या नावाची सुरुवात ‘ज्ञ’ने. आधारवर तो आपल्या मराठी पद्धतीनं ‘डी-एन-वाय’ असा लिहिलाय. कन्नडवरून इंग्रजी करताना तोच ‘जे-एन’ होतो. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. खिडकीवरच्या बाई चांगल्या बोलल्या, पण नाव जुळल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. तीन फेऱ्या झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब मीटिंगला. प्रत्येक फेरीला माझा अर्धा खाडा, आणि आईची कामाची सकाळ जाते.

तिसऱ्या फेरीला आई बाकावर बसली होती. पिशवीत बाबांचा मृत्यू दाखला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. मला म्हणाली, “अरे, मी कोण हे आता ह्यांना कसं पटवायचं?” चाळीस वर्षं त्या बांधावर भांगलण केलेल्या बाईनं हे विचारावं, ते मला सहन झालं नाही. म्हणून इथं लिहितोय.

तिच्या कमरेचा त्रास वाढलाय. भांगलणीला माणसं मिळत नाहीत. पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, घ्यावा असं मनात आहे. लहान शेतकऱ्यांना आणि महिलांना यांत्रिकीकरणाच्या योजनेत 50 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे असं ऐकलंय, पण तिथंही एफआयडी लागतोच.

आणखी एक गुंता. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आमची 32 आर जमीन आहे, तिचा सातबारा अजून बाबांच्याच नावावर. तिकडच्या आमच्या पाहुण्यांना पीएम किसानवर त्या राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी 6000 मिळतात. आईची नोंद तिकडे करावी का इकडे?

नाव जुळवायचा रस्ता कुणी काढला असेल तर सविस्तर सांगा. बाबा गेल्यानंतर जुलै 2023 मध्ये एक हप्ता त्यांच्या खात्यात पडला होता, तो तसाच आहे. त्याचं काय करायचं तेही सांगा.

माळावरचा

दादा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी खानापूर तालुक्यातला. माझ्या चुलतीचं हेच झालं होतं, फक्त अक्षर वेगळं.

आम्ही आधी बाँडवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, नोटरीची सही घेतली. सोबत रेशन कार्ड, मतदान कार्ड आणि गावच्या तलाठ्याचा दाखला. हे सगळं अर्जासोबत लेखी दिलं आणि पोच घेतली. तोंडी बोलत होतो तोवर कुणी ऐकलं नाही. पोच हातात आली तेव्हा फाईल हलली. केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी कागद बघून नोंद मान्य केली. तुमच्याकडे तसंच होईल असं छातीठोक सांगत नाही, पण मागून तरी बघा.

पुन्हा पुन्हा अडायचं नसेल तर आधार किंवा उतारा, दोन्हीपैकी एक सुधारून घ्या. उतारा सुधारायचा तर नाडकचेरीतून (महसूल खात्याची स्थानिक कचेरी) तहसीलदारांकडे जावं लागतं, वेळ जातो. आमच्या चुलतीनं आधारच बदललं. पण ते बदलण्याआधी बँकेचं पुस्तक काय म्हणतं ते बघा. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर हप्ता तिथं अडकतो. ई-केवायसी राहिली तरी तेच.

पीएम किसानच्या नोंदणीत जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधी नावावर आली की नंतर, हे विचारतात. तुमची नंतरची, पण वारशानं आलेली, म्हणून चालते. वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र केलं असतं तर अवघड होतं. अर्जात मृत्यू दाखला आणि वारशाच्या फेरफाराची प्रत जोडाच.

आणि एक तुमच्या लक्षात आलं नसावं. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. तुम्ही सज्ञान, उताऱ्यावर तुमचं नाव वेगळं, म्हणजे तुमचं कुटुंब वेगळं. तुम्हीही अर्ज करू शकता. पुण्याचा भाऊ आयकर भरत असेल तर त्याला मात्र मिळणार नाही, त्याचा अर्ज भरू नका.

जुलैच्या हप्त्याला हात लावू नका. केंद्रात मृत्यूची नोंद लेखी द्या आणि परत करायचा का ते त्यांनाच विचारा. पोर्टलवर पैसे परत करायची सोय आहे.

काजूची वाडी

मी चंदगडकडचा. दोन्हीकडे नोंद करायच्या फंदात पडू नका. आधार एकच आहे. केंद्र सरकारचा पीएम किसानचा लाभ कुटुंबाला एकदाच, जमीन कितीही गावांत विखुरलेली असो. नमोचे पैसे महाराष्ट्रातल्या पीएम किसान लाभार्थ्यांनाच, 2023 पासून. कर्नाटकातही 2019 पासून राज्याचे वरचे 4000 यायचे, ते नंतर बंद झाले, म्हणून हा फरक आता जास्त जाणवतो. पण तुमचा इकडचा सातबाराच बाबांच्या नावावर आहे. आधी त्याचा वारस फेरफार करा. तो राहिला तर पुढे सगळंच अडतं. आणि उतारा एकर-गुंठ्यात, सातबारा हेक्टर-आरमध्ये, तेव्हा अर्ज भरताना आकडे नीट बघा.

वीडरबद्दल: पावणेदोन एकराला विकत घेण्याआधी एकदा कृषी यंत्रधारे केंद्रातून भाड्यानं आणून चालवून बघा. भातात ओळी सरळ नसतील तर यंत्र रोपंच उपटतं. पुढच्या वर्षी ओळीत पेरलंत तर उपयोग. आईच्या कमरेसाठी मला हे जास्त गरजेचं वाटतं.

धूळवाफ

दोघांचेही मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. वेगळ्या कुटुंबाचं मला खरंच माहीत नव्हतं. बँकेचं पुस्तक काढून बघितलं, त्यावर तिसरंच नाव आहे: आडनाव आधी, बाबांचं नाव फक्त एका अक्षरात. म्हणजे आधी बँक. मंगळवारी सुट्टी टाकलीये. सकाळी बँक, मग नोटरी, मग केंद्र.

प्रतिज्ञापत्राचा कन्नड मसुदा कुणाकडे असेल तर नाव-गाव खोडून इथं टाकाल का? नोटरीकडं मराठीत दिलं तर केंद्रात परत पाठवतील अशी भीती वाटते, आणि आणखी एक फेरी आईला घडवायची नाही.