मदत हवी आहे: वजनाचं बोलावं कसं?

हडपसर भागातल्या शाळांत आठवी-नववीला आरोग्याची सत्रं घेते. बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या आकड्यावर बोलले, आणि दोन मुलींनी डबाच खाणं सोडलं. मुलगे प्रोटीन पावडरचं विचारतात. आता वजन एकेकट्याचं घेते, आकडा मोठ्याने सांगत नाही, तरी फरक नाही. सहकारी म्हणतात, वयाचे नखरे. मला पटत नाही. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण आणि मानसिक आरोग्य दोन्ही आहेत. आपणच त्यांची ताटं वेगळी मांडतो. सत्र ४० मिनिटांचं, शाळेत समुपदेशक नाही, आणि पालकांना परस्पर कळवायचं नाहीये. साधी नाराजी कुठली आणि मुलाला पुढे तज्ज्ञाकडे पाठवायची वेळ कुठली, हे ओळखायला तुम्ही मराठीत नेमके कोणते प्रश्न विचारता?