जयगड खाडीकाठच्या सायकलवाटा: जीपीएस ट्रॅक सगळ्यांसाठी खुले करावेत का?

खाडीकाठचा_सायकलवाला (धागाकर्ता)

गुहागरहून गणपतीपुळ्याकडे सायकलने जाणारे बहुतेक जण डांबरी रस्ता धरतात, तवसाळला फेरीबोटीत सायकल चढवतात, जयगडला उतरतात आणि पुढे निघतात. रेवस-रेडी सागरी महामार्गात या खाडीवर पूल होणार आहे. तो झाला की त्या रस्त्यावर गाड्या किती वाढतील, ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं असं, की माउंटन बाइकवाल्यांनी आत वळावं. शास्त्री नदीच्या (जयगडची खाडी हिचीच) दोन्ही बाजूंना सडे, म्हणजे जांभ्या कातळाची उघडी पठारं आहेत, पाणंदी आहेत, वाड्या जोडणाऱ्या जुन्या गाडीवाटा आहेत. हेदवीहून आबलोलीच्या बाजूला, तिथून राई-भातगावच्या पुलावरून पलीकडे, मग जाकादेवी-खंडाळ्याच्या अंगाने जयगड आणि बोटीने परत तवसाळ, असा पुरा फेरा जमतो. घाटासारखा लांब चढ कुठेच नाही, पण पाय मात्र भरून येतात. खाडीकाठावरून सड्यावर चढा, मोकळ्या कातळावरून वारा खात जरा जा, की लगेच उतार, वाडी, वहाळ आणि पुन्हा चढ. जांभा वरून सपाट दिसतो, पण चाकाखाली सगळा खडबडीत आणि भोकं पडलेला. टायरमधली हवा थोडी कमी केली तरच हाताला बरं वाटतं.

मी या वाटांचे जीपीएस ट्रॅक, म्हणजे मोबाइलच्या नकाशावर वाट दाखवणाऱ्या रेघा, जमवले आहेत आणि ते खुले करावेत असं मला मनापासून वाटतं. वाडीतली माणसं मुंबईला गेली, उरलेली दुचाकीवर बसली, पाणंदीतून चालणारं कोणी राहिलं नाही. दोन पावसाळे वापर थांबला की करवंदी आणि रानमोडी वाट गिळून टाकतात. गावातल्या जुन्या माणसांनाच काय ती आठवते, आणि ती माणसंही आता थकली. सायकली फिरत राहिल्या तर वाटा मोकळ्या राहतील. तुमचं मत काय?

कलमवाली

माझा स्पष्ट विरोध. आमची हापूसची कलमं सड्यालगत आहेत, म्हणून सांगते. तुम्ही ज्याला वाट म्हणता, ती आमच्या आणि शेजारच्यांच्या जमिनीतून जाणारी वहिवाट आहे. शेजाऱ्याला गुरं न्यायला, लाकडं आणायला आमच्या सासऱ्यांनी ती कधी अडवली नाही. याचा अर्थ ती पुण्या-मुंबईच्या प्रत्येक सायकलवाल्याला मोकळी झाली असा होत नाही.

गडग्यातून (दगडी कुंपणातून) पुढे जायला बेडं असतं. बांबू सरकवायचे, आत जायचं, पुन्हा जागेवर लावायचे. मागच्या हंगामात चारपाच जण आले, बेडं तसंच उघडं टाकून गेले. रात्री गुरं शिरली आणि नवीन लावलेली कलमं शेंड्यापासून खाल्ली. दोन वर्षं जपलेली झाडं होती ती. दुसरी भीती वणव्याची. फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत वाळून कोळ होतं. एक विडी पडली की आंबा, काजू सगळं जातं, आणि भरपाई मागायची कोणाकडे?

दारात येऊन कोणी विचारलं तर आम्ही कोकम सरबत देऊन वाट दाखवतो. पण ट्रॅकवाला विचारायला थांबतच नाही, तो मोबाइलकडे बघत थेट आत येतो.

खाडीकाठचा_सायकलवाला

ताई, बेड्याबद्दलचा राग शंभर टक्के योग्य आहे. पण सगळ्याच वाटा खाजगी नाहीत. गावनकाशावर गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. निदान त्या तरी सार्वजनिक धराव्यात की नाही?

सातबारावाचक

नकाशावरच्या वाटांचं ठीक. पण तुमच्या ट्रॅकमधला बराचसा भाग त्या रेषांच्या बाहेरचा असणार. शेतरस्त्यासाठी लोक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १४३ पुढे करतात. ते शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीत जाण्यासाठी हद्दीवरून रस्ता मिळावा म्हणून आहे. मौजेसाठी फिरणाऱ्याला त्यातून काही हक्क मिळत नाही. शिवाय कोकणातला सातबारा म्हणजे एका तुकड्यावर वीस-वीस नावं. परवानगी घ्यायची तर नेमकी कोणाची?

डेव्हनला_राहणारी

मी इंग्लंडमध्ये एक्स नदीच्या मुखाजवळ राहते. इथेही तसेच चढउतार, गावं, भरती-ओहोटीचा चिखल. पण इथे प्रश्न कायद्यानेच बराचसा सोडवला आहे. १९६८ च्या कायद्यापासून घोड्यांसाठीच्या वाटांवर सायकलला परवानगी आहे, अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. नुसत्या पायवाटांवर मात्र सायकलचा हक्क नाही. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळपास सगळीकडे फिरू दिलं आहे. कुठली वाट कोणासाठी, हे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवून जायचं, हे लहान मुलांनाही माहीत असतं. ट्रॅक आधी आणि पाट्या नंतर, हा क्रम मला धोक्याचा वाटतो.

कातळफुलं

चर्चा माणसांच्या हक्कांवर चालली आहे, सड्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

उन्हाळ्यात सडा करपलेला दिसतो, त्यामुळे त्यावर काही बिघडण्यासारखं आहे हेच लोकांना पटत नाही. पहिल्या पावसानंतर गुडघे टेकून बघा. कातळाच्या खळग्यात बोटभर माती असते. त्या बोटभर मातीत दीपकाडीचे कांदे असतात. दीपकाडी कोकणातल्या या कातळांचीच, पांढरी फुलं, पावसाच्या तोंडावर येतात. मग गेंद, मग सीतेची आसवं. आसवांना मुळं नसतात, पाण्यातले बारीक जीव पकडून ती वनस्पती जगते. तिथे एका चाकाने ब्रेक मारून घसरण घेतली की ती माती शेवाळासकट सोलून निघते आणि पुढच्या सरीत वाहून जाते. ती पुन्हा जमायला किती काळ लागेल याची कल्पना करा. चालणाऱ्याच्या पायानेही नुकसान होतं, पण टायर सलग रेघ ओढतो आणि पाणी त्याच रेघेतून पळतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली, ती उगाच नाही.

आणि कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली प्राचीन चित्रं. उक्षी, जांभरूण, कशेळी ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण अजून कित्येक सड्यांवर गवताखाली, पाटी-कुंपणाशिवाय चित्रं आहेत. उथळ रेघ चाकाखाली आली तर कळतसुद्धा नाही.

ट्रॅक टाकायचेच तर जून ते ऑक्टोबर सड्याचा भाग बंद ठेवा.

वाडीतला

मी इथलाच. खाडीच्या वर दोन खोल्या राहायला देतो, आई जेवण करते. सगळं वाचलं, पण मला धागाकर्त्याची बाजू पटते.

गाडीवाला आमच्या वाडीत थांबत नाही, तो सरळ गणपतीपुळ्याला जातो. सायकलवाला दमतो, त्याला पाणी लागतं, घावणे लागतात, कधी पंक्चर काढेपर्यंत अंगणात बसतो. त्याचे पैसे वाडीत राहतात. जानेवारीत एक गट आला होता, आईने कुळथाची पिठी आणि भात वाढला, त्यातले दोघे पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन आले. आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत. नकाशावर नाव आलं तरच माणूस येतो.

कातळफुलंदादा, तुमची कळकळ समजते. पण आमच्या शेजारच्या सड्यावर चिरेखाण पडली तेव्हा दीपकाडीची चौकशी करायला एक माणूस आला नाही. सरकारी कागदावर सडा म्हणजे पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन. तिथे काही आहे हे बघितलेली शंभर माणसं असती तर निदान कोणी ओरडलं तरी असतं.

कातळफुलं

तुमचा मुद्दा बिनतोड आहे, चिरेखाणीपुढे सायकल काहीच नाही. पण जमिनीचे दलालही तेच नकाशे बघतात, हेही विसरू नका.

आरोग्यसेविका

एक गोष्ट राहिली. रत्नागिरी जिल्हा फुरशांचा, म्हणजे एका छोट्या विषारी सापाचा आहे. दगडाखाली, कातळाच्या भेगेत बसलेलं फुरसं मातीच्या रंगात दिसत नाही. सायकल आडवी करून सावलीला टेकताना आधी दगड बघा, संध्याकाळनंतर सड्यावर राहू नका. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. तो अवयव हलवू न देता तडक रुग्णालय गाठा. बऱ्याच सड्यांवर मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ट्रॅक देणाऱ्याने डांबरी रस्त्याला बाहेर पडायच्या जागा आणि प्रतिविष मिळणारं जवळचं रुग्णालय नकाशावर दाखवलंच पाहिजे.

खाडीकाठचा_सायकलवाला

वाटा खुल्या झाल्या पाहिजेत, हे माझं मत कायम आहे. लपवून ठेवलेली वाट तिच्या माहीतगारांबरोबर जाते, हे मी खाडीच्या दोन्ही काठांना बघितलंय. मात्र आता असं करतो: डांबरी आणि गावनकाशावरचे भाग लगेच टाकतो, बाहेर पडायच्या जागा आणि रुग्णालयासकट. सड्यावरचे तुकडे फक्त नोव्हेंबर ते मे, आणि कातळशिल्पांपासून लांबून. कलमवाली ताई, तुमच्या बाजूचा तुकडा टाकू का?

कलमवाली

नाही. तुम्ही एकटे हो म्हणून किंवा मी एकटी हो म्हणून ते ठरत नाही. १ मेच्या ग्रामसभेत विषय ठेवा. आंब्याला चाकरमानी गावात असतात, सातबाऱ्यावरची अर्धी नावं तेव्हाच भेटतील. बेड्याजवळ पाटी कोण लावणार, वणव्याच्या दिवसांत वाट बंद कोण करणार, हे तिथे तोंडावर सांगा. वाडीतल्या पोरांना वाटाडे म्हणून पैसे मिळणार असतील तर मीच सूचक म्हणून उभी राहीन. तोवर आमच्या सड्यावरची रेघ नकाशावर दिसता कामा नये.