मेमधल्या बाळंतविड्यासाठी काय विणू? लोकर की सुती? (नागपूर)

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी, माझ्या नणंदेची डिलिव्हरी मेच्या शेवटी आहे, ती नागपूरला असते आणि बाळंतविड्यात माझ्या हातचं काहीतरी असावं असं मला फार मनापासून वाटतंय. क्रोशा मला येतो म्हणजे साखळी, मुका खांब (आखूड टाका), खांब (सुईवर वेढा घेऊन घातलेला उंच टाका), गोल रुमाल एवढं नीट येतं, दोन सुयांचं सुलट उलट आईकडून शिकलेय पण स्वेटर पूर्ण असा कधी केला नाही. डोक्यात होतं की टोपडं, मोजे, छोटा स्वेटर आणि दुपटं असा पूर्ण सेट एकाच रंगात करावा. पण सासूबाई म्हणाल्या अगं मेमधे नागपुरात लोकर कोण घालणार बाळाला, आणि ते खरंच आहे. तर सुती दोऱ्यात करू का सगळं? दुपटं केवढं करतात, दोरा किती लागतो? हाताशी दोनेक महिने आहेत, ऑफिस सांभाळून संध्याकाळीच वेळ मिळतो. आणि अजून एक, पाळण्यावर टांगायचं चिमणाळं क्रोशाने केलंय का कोणी? वन्संना ते फार आवडेल असं वाटतं.

क्रोशावेडी

सायली, सासूबाईंचं ऐक, त्या बरोबर बोलतायत. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ ला टेकतो, त्यात ॲक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम लोकरीचं काहीही बाळाच्या अंगाला लावू नकोस, ती लोकर घाम शोषतच नाही, बाळ आतल्या आत भिजतं आणि घामोळं येतं. आणि पूर्ण विणलेलं सुती दुपटं पण मी या सीझनला नाही सुचवणार, कारण सुती दोरा वजनाला जड असतो, धुतल्यावर वाळायला वेळ लागतो, आणि तान्ह्या बाळाची दुपटी दिवसाला किती बदलावी लागतात ते घरात बाळ असलेल्या कोणालाही विचार.

माझं मत असं की मलमलचं किंवा जुन्या मऊ सुती साडीचं दुपटं शिवून घे आणि त्याला चारी बाजूंनी क्रोशाची बारीक लेस कर. हातचं कामही दिसतं आणि वस्तू रोजच्या वापरात येते, कपाटात घडी होऊन पडत नाही. ९० बाय ९० सेंमी छान पडतं, बाळ नीट गुंडाळता येतं. कापड आधी दोनदा धुवून वाळवून घे, कारण मलमल आटतं, आणि लेस लावल्यावर आटलं तर कडा चुण्या पडून वर येतात मग कितीही इस्त्री करा, सरळ बसत नाही.

लेससाठी २० नंबरचा मर्सराइज्ड (प्रक्रिया केलेला, चमकदार सुती) दोरा आणि १.२५ मिमीची स्टीलची सुई. कड बारीक दुमडून शिवली की त्या शिवणीच्या आतून पहिली फेरी मुक्या खांबांची घालायची, दोन खांबांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेव, फार जवळ घातलेस तर कड लाटेसारखी हलते आणि फार लांब घातलेस तर आक्रसते. कोपऱ्यात एकाच भोकात तीन मुके खांब, म्हणजे कोपरा वळतो. मलमलमधून ही सुई नीट जात नसेल तर आधी जाड टोकाच्या शिवायच्या सुईने भोकं पाडून घे, जोर लावलास तर कापडाचे धागे तुटतात. दुसऱ्या फेरीत शिंपले. दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, परत दोन सोडून तिसऱ्यात मुका खांब, झालं. हा नमुना सहाच्या पटीत बसतो म्हणून पहिल्या फेरीतले टाके प्रत्येक बाजूला मोजून सहाच्या पटीत आण, एखाद-दुसरा कमी जास्त झाला तर कोपऱ्याजवळ लपवता येतो. लेस सेंटीमीटरभरच उंच ठेव. मोठी भोकं असलेली जाळी नको, बाळाची बोटं अडकतात त्यात.

माधुरी काकू

क्रोशावेडीने लेसचं छान सांगितलंय. पण सायली, स्वेटर सोडू नकोस हो! फक्त तो जन्माच्या मापाचा करू नकोस. हिशोब कर, बाळ मेअखेर होणार, संक्रांतीला ते साडेसात महिन्यांचं असेल आणि नागपुरात डिसेंबर जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, तेव्हा खरी गरज लागणार स्वेटरची. आणि पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण असतंच, काळ्या लोकरीचा स्वेटर त्यावर पांढऱ्या कडा, हलव्याच्या दागिन्यांखाली काय सुरेख दिसतो ते बघ. बाळंतविड्यात दिलास तरी सांगून दे की हा थंडीसाठी आहे.

माप लिहून घे. ६ ते १२ महिन्याच्या बाळाला विणून तयार छातीचा घेर ५० सेंमी धर, आत झबलं असतं आणि हात घालायला मोकळं हवं. चार प्लायच्या लोकरीला बॉर्डर १२ नंबरच्या सुयांवर, एक सुलट एक उलट, आणि वरचं अंग १० नंबरवर. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी आणि १२ म्हणजे पावणेतीन, हल्ली ऑनलाइन मिमीमधे विकतात म्हणून सांगते. १० सेंमीला साधारण २८ टाके येतात, म्हणजे पाठीला ७० टाके. पण तुझा हात घट्ट आहे की सैल ते मला काय माहीत, म्हणून आधी ३५-४० टाक्यांचा चौकोन विणून मधल्या १० सेंमीत किती बसतात ते मोज. ३० येत असतील तर एक नंबर जाड सुई घे, २६ येत असतील तर बारीक. हा चौकोन टाळून कोणी थेट सुरू केलं की बाही एका मापाची आणि अंग दुसऱ्या मापाचं होतं.

गळा पुढून उघडा ठेव, बटणांचा. बाळांची डोकी अंगाच्या मानाने मोठी असतात, बंद गळ्याचा स्वेटर घालताना ती अक्षरशः किंचाळतात. आणि लोकर सगळी एकदम घे, लेबलवर लॉट नंबर असतो तो सगळ्या गुंड्यांवर सारखा बघून. दुसऱ्या लॉटची पांढरी पण वेगळी दिसते, आणि ते उन्हात नेल्यावर कळतं.

विदर्भकन्या

मी नागपूरचीच, मुलगी दीड वर्षाची आहे. आलेल्या हातच्या वस्तूंमधे सगळ्यात जास्त वापरली गेली ती मावशीने दिलेली लेसची दुपटी, अजून पायावर घेऊन झोपते ती. आणि कूलरसमोर कानाला वारा लागू नये म्हणून पातळ सुती कुंची. विणलेले हातमोजे मात्र खरंच नका देऊ, आतून धाग्याची टोकं सुटलेली असतात आणि ती बोटाला गुंडाळली जाऊन रक्त थांबू शकतं, आमच्या डॉक्टरांनी मोजे उलटे करून दाखवलं होतं मला. पायमोजे दिलेत तर आतली टोकं नीट ओवून मग द्या.

पराग_न्यूजर्सी

माझी आई इथे आली की कायम विणत असते म्हणून हा धागा वाचला. एक भर घालतो. इथे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांत स्पष्ट आहे की झोपलेल्या बाळाजवळ सुटी पांघरुणं, उशा, मऊ खेळणी नकोत, आणि जन्मानंतरचे पहिले काही तास सोडले तर घरात टोपी पण नको, डोकं झाकलं की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. आपल्याकडे टोपडं घालायची सवय आहे, मी घालू नका म्हणत नाही, बाहेर नेताना घाला. पण झोपवताना काढा, आणि गळ्याशी बांधायचे लांब बंद असलेलं काहीच नको.

सायली_ठाणे

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी! काकू, बोरन्हाणाचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आता काळा स्वेटरच करणार. टोपडं मग करू की नको? आणि चिमणाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही. अजून एक शंका, मी नमुन्याला म्हणून खांबांचा चौकोन विणते तर तो वर जाईल तसा निमुळता होतो, का होत असेल?

क्रोशावेडी

निमुळता होतो म्हणजे दर ओळीला शेवटचा खांब सुटतोय. ओळ सुरू करताना ज्या तीन साखळ्या घालतो ना, तो एक खांबच असतो, परत येताना त्याच्या तिसऱ्या साखळीत शेवटचा खांब घालायचा. तो दिसत नाही पटकन म्हणून राहतो. तिथे वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवून ठेव, दिसेल. आणि पायाची साखळी घट्ट होत असेल तर ती तेवढी एक नंबर जाड सुईने घाल.

टोपडं कर, पण तेही थंडीचं. क्रोशाच्या टोपीचं सोपं गणित आहे, डोक्याचा घेर भागिले ३.१४, तेवढ्या व्यासाचा सपाट गोल विणायचा आणि मग वाढवणं थांबवून सरळ खाली यायचं. जन्मतः घेर ३४-३५ सेंमी असतो, सात-आठ महिन्यांना ४३-४४ धर. टोपी ताणली जाते म्हणून दोन सेंमी वजा कर, म्हणजे ४२ भागिले ३.१४, गोल साधारण १३ सेंमीचा. पहिल्या फेरीत १२ खांब, मग २४, मग ३६, तेरा सेंमी होईपर्यंत दर फेरीला बारा वाढव.

चिमणाळं मी केलंय भाचीसाठी आणि ते करताना इतकी मजा येते! सुती दोऱ्यातल्या छोट्या चिमण्या, आत कापूस, चोच पिवळ्या धाग्याची. डोळ्यांना मणी किंवा प्लास्टिकची बटणं अजिबात नकोत, काळ्या धाग्याने भरून काढ. वरची कडी लाकडी गोल फ्रेमची घे, भरतकामाची असते ती, विणलेली कडी लोंबते. रंग गडद घे, लाल पिवळा काळा पांढरा, कारण तान्ह्या बाळाला फिके गुलाबी निळे नीट दिसत नाहीत, उठून दिसणाऱ्या रंगांकडे ते टक लावून बघतं. हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर टांगायचं, आणि बाळ हातापायांवर रेटा देऊन उठायला लागलं की, म्हणजे पाचेक महिन्यांनी, काढून ठेवायचं.

माधुरी काकू

लाल सुती दोरा घेशील तर आधी त्याचा तुकडा पांढऱ्या रुमालात गुंडाळून गरम पाण्यात बुडवून बघ, रंग जातो का ते. पहिल्या धुण्यात पांढरी चिमणी गुलाबी व्हायला नको.

सायली_ठाणे

शनिवारी दादरला जाऊन दोरा आणि लोकर घेते. २० नंबर नाही मिळाला तर ४० चालेल का लेसला?

क्रोशावेडी

चालेल, पण तो खूप बारीक असतो, सुई १ मिमीची लागेल आणि रात्री दिव्याखाली डोळ्यांना त्रास होतो. नाहीतर १० नंबर घे, तो जाड असतो, लेस जरा ठसठशीत येईल आणि तुझा वेळही वाचेल. आधी दुपटी पूर्ण कर, मेमधे तीच लागणार आहेत.