श्रमदानाला गेल्यास रोजगार हमीचा बेरोजगार भत्ता बुडतो का?

प्रश्न (12 मे 2025)

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातील शेतमजूर आहे. पऱ्हाटीची (कपाशीची) उलंगवाडी, म्हणजे हंगाम संपल्यापासून गावात मजुरी उरलेली नाही, म्हणून मी व माझ्या पत्नीने 21 एप्रिल रोजी नमुना 4 भरून सलग 14 दिवसांचे काम मागितले. तारखेची पोच मिळवण्यासाठी तीन खेपा माराव्या लागल्या. ती पोच जॉबकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. काम न दिल्यास बेरोजगार भत्ता लागू होण्याची 15 दिवसांची मुदत 6 मे रोजी भरली, तरी काम निघालेले नाही.

दरम्यान गावकऱ्यांनी टेकडीवर रोज सकाळी 6 ते 8 सलग समतल चर (पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे चर) खोदण्याचे श्रमदान सुरू केले असून आम्ही दोघेही तेथे जातो. परवा टिकास हाती घेतलेला माझा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आला, तेव्हा एका जाणत्या गृहस्थाने सांगितले की, "तू काम करतो आहेस याचा हा पुरावाच झाला, आता भत्ता विसर." हे खरे आहे का? श्रमदान सोडावे असे मनातून वाटत नाही, पण हक्काचे पैसे बुडवण्याइतकी आमची ऐपतही नाही.

उत्तर 1

भाऊ, त्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातील कलम 9 नुसार भत्त्याचा हक्क तीनच कारणांनी जातो: दिलेले काम नाकारणे, कळवल्यापासून 15 दिवसांत कामावर हजर न होणे, आणि परवानगीशिवाय सलग एका आठवड्याहून अधिक किंवा एका महिन्यात एकूण एका आठवड्याहून अधिक गैरहजर राहणे. असे घडल्यास तीन महिने भत्ता मागता येत नाही, मात्र काम तेव्हाही मागता येते. बिनमोबदला श्रमदानाचा यात उल्लेख नाही. कुटुंबाला वर्षाला हमी असलेल्या 100 दिवसांच्या कामातही ते धरले जात नाही, कारण तेथे योजनेतून मिळालेला रोजगार मोजतात आणि श्रमदान हा तसा रोजगार नव्हे.

आता रकमेविषयी. आर्थिक वर्षातील पहिल्या 30 दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा भत्ता देय असतो. 2025-26 चा मजुरीचा दर 312 रुपये, म्हणजे पहिल्या 30 दिवसांत माणशी दिवसाला किमान 78 रुपये. ही रक्कम राज्य सरकारला स्वतःच्या तिजोरीतून द्यावी लागते, केंद्राकडून तिची भरपाई होत नाही. तारखेची पोच देताना एवढी टाळाटाळ का होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. भत्त्याची मागणीही लेखीच करा आणि तिची वेगळी पोच घ्या. एक पथ्य मात्र पाळा. कामावर हजर होण्याची नोटीस आली की त्या दिवसापासून श्रमदानाची सबब सांगू नका.

उत्तर 2

वरील उत्तरातील कायदा बरोबर आहे, पण मला वेगळीच गोष्ट खटकते. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात बचत गटाचे काम पाहते. सलग समतल चर हे रोजगार हमीतून मजुरी देऊन करता येणारे काम आहे. ज्या गावात मजूर काम मागून बसले आहेत, त्याच गावात ते काम फुकटात उरकले जात असेल, तर पुण्य गावाच्या नावावर जमा होते आणि 312 रुपयांचा दिवस मात्र मजुराच्या हातून जातो. ज्यांच्याकडे ओलिताचे वावर आहे, त्यांना दोन तास श्रमदान करून घरी जाणे परवडते. दादा, तुम्हाला आणि वहिनींना ते परवडते का, हे एकदा पाहा. श्रमदान करायचेच असेल तर स्मशानभूमीची किंवा शाळेच्या आवाराची सफाई करा, आणि चरांचे काम योजनेतून काढण्याची मागणी ग्रामसभेत ठरावाने करा.

उत्तर 3

मी भंडारा जिल्ह्यात ग्रामरोजगार सेवक आहे, म्हणजे गावातील रोजगार हमीच्या कामांच्या नोंदी पाहतो. ताईंचा मुद्दा मला पटतो, तरी सगळे श्रमदान बंद करावे इतके टोक मी गाठणार नाही. टेकडीवरचे पाणी अडले तर विहिरीला पाणी येते आणि त्याचा लाभ मजुराच्या घरीही पोचतो.

खरी सावधगिरी हजेरीपटाबाबत हवी. हजेरी आता मोबाईल ॲपवर फोटो काढून दिवसातून दोनदा नोंदवली जाते. एका गावी (नाव सांगत नाही) श्रमदानाने खोदलेले चर मोजमाप पुस्तिकेत योजनेचे काम म्हणून चढले, श्रमदानाला आलेल्यांचेच फोटो हजेरीसाठी वापरले गेले आणि मजुरी कधीही टिकास न उचललेल्या माणसांच्या खात्यात गेली. तुमच्या नावे असे झाले, तर तुम्हाला काम दिल्याची नोंद होईल आणि भत्त्याचा दावा कागदावरच संपेल. व्हॉट्सॲपवरच्या फोटोला घाबरू नका; ॲपवरच्या फोटोला मात्र जपा. श्रमदानाच्या जागी कोणी जॉबकार्ड मागितले किंवा हजेरीचा फोटो काढू लागले, तर "हे श्रमदान आहे की योजनेचे काम?" असे सर्वांसमक्ष विचारा. तुमच्या जॉबकार्डावर किती दिवस चढले आहेत, हे योजनेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आठवड्यातून एकदा ते पाहत जा.

उत्तर 4

बुटीबोरीकडच्या कारखान्यातून कामावरून कमी झालेल्यांसाठी एवढेच सांगतो की त्यांच्यासाठीची कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना रोजगार हमीच्या भत्त्याहून निराळी आहे. तिच्यात सरासरी दैनिक कमाईच्या 50 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच मिळते. गावच्या वाचनालयाचे काम बिनमोबदला पाहिल्याने कोणी नोकरदार ठरत नाही, पण तेथे मानधन घेऊन सही केलीत तर "मी बेरोजगार आहे" हे विधान अडचणीत येते.

प्रश्नकर्ता (15 मे)

सर्वांचा आभारी आहे. काल संकेतस्थळावर पाहिले, आमच्या जॉबकार्डावर एप्रिलपासून एकही दिवस चढलेला नाही. भत्त्याचा लेखी अर्ज आज दिला, पोच उद्या देतो म्हणाले. पत्नीने ताईंचे उत्तर दोनदा वाचायला लावले आणि उद्यापासून ती टेकडीवर येणार नाही; मी ग्रामसभा होईपर्यंत जाईन.