दुसरी आवृत्ती: मुखपृष्ठावर पुरस्काराचा शिक्का आणि आत बिघडलेला 'ऱ्य', काय करू?

दीडफर्मा
नमस्कार मंडळी. सांगलीत घरातूनच छोटंसं प्रकाशन चालवतो, वर्षाला चारपाच पुस्तकं, त्यातली दोन कवितेची, म्हणजे धंदा कसा चाललाय ते वेगळं सांगायला नको. तर दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांचा संग्रह काढला होता, त्याला आता एका वाचनालयाचा पुरस्कार मिळालाय आणि तीनशे प्रती संपल्यात (यावर माझाच विश्वास बसत नाहीये). दुसरी आवृत्ती काढायची आहे. अडचणी दोन.

एक, सरांना मुखपृष्ठावर सोनेरी गोल शिक्का हवाय, 'पुरस्कारप्राप्त' असा. मुखपृष्ठ एका चित्रकार मित्राने केलंय, कोळशाची एकच आडवी रेघ आणि बाकी सगळं मोकळं, आणि त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवूनच सर म्हणतात की एवढी जागा फुकट गेलीय तिथे टाक की.

दोन, पहिल्या आवृत्तीची फाइल पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली, श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. ती कन्व्हर्टरमधून काढून इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरला युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर असतो ती पद्धत) घेतली तर 'दऱ्या उतरत गेलो'चं 'दर्या उतरत गेलो' झालं. सह्याद्रीतला माणूस थेट समुद्रात. शिवाय ल आणि श सगळे हिंदी वळणाचे आलेत. सरांनी प्रूफ बघून एवढंच विचारलं, "हे कुठल्या प्रांतातलं पुस्तक?"

आणि एक खरंखुरं कुतूहल. पुरस्कार देणारे या अक्षरांकडे बघतात का हो कधी? सर म्हणतात पुरस्कार कवितेला मिळालाय, तुझ्या फॉन्टला नाही, तर त्यावर पैसे घालवू नकोस.

मुद्राराक्षस
आधी 'ऱ्य'चं बघू कारण तो प्रश्न सुटणारा आहे, शिक्क्याचा नाही.

जुन्या फॉन्टमध्ये तो आडवा अर्धा र म्हणजे एक वेगळं चित्र असायचं, कन्व्हर्टरला ते कळलं नाही की तो सरळ साधा 'र्' टाकून मोकळा होतो आणि साध्या र् चा पुढच्या अक्षरावर रफार होणारच. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे. आता फाइलमध्ये 'र्य' आणि 'र्ह' शोध, पण सगळे एकदम बदलू नकोस, नाहीतर सूर्य, कार्य, धैर्य सगळ्यांची वाट लागेल. एकेक बघत जायचं. 'र्ह'मध्ये बहुतेक आडवेच निघतील, तऱ्हा, कऱ्हाड, ऱ्हास वगैरे, पण अर्हता आली तर तिला हात लावू नको. आमच्याकडे एका स्मरणिकेत उलटं झालं होतं, 'आचार्यांचा सत्कार' हवा होता तिथे 'आचाऱ्यांचा सत्कार' छापून आलं. जेवण चांगलं होतं त्या दिवशी त्यामुळे कुणी फार तक्रार केली नाही.

अजून एक खड्डा आहे. काही लोक हाच र साधा र, हलन्त आणि त्याच्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून काढतात. दिसायला सेम टू सेम. पण तू 'नको असलेली कॅरॅक्टर्स काढा' असलं काही चालवलंस की ते चिन्ह जातं आणि परत रफार. म्हणून आधी सफाई आणि मग दुरुस्ती, या क्रमाने.

ल-श साठी: युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच नंबर आहे, वळण फॉन्ट ठरवतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोजर (भारतीय लिप्या नीट मांडणारी सेटिंग) लाव, भाषा मराठी कर, काही फॉन्ट तेवढ्यावर मराठी वळण देतात. कटकट नको असेल तर टिरो देवनागरी मराठी घे, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, छपाईला चालतो. हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे संच आहेत त्याचे, म्हणजे मराठीवाल्यात ल-श आधीपासूनच आपले. फिओना रॉस आणि जॉन हडसन यांचं काम आहे, मुळात हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी या ग्रंथमालेसाठी केलेल्या अक्षरांवरून आलेलं, त्यामुळे स्क्रीनवरचा फॉन्ट कागदावर आणल्यासारखं वाटत नाही.

बुकस्टॉलवाली
दीडफर्मा, मी जरा वेगळं बोलते, राग मानू नकोस. शिक्का टाक. मी प्रदर्शनात स्टॉल लावते, लोक पुस्तक उचलतात, पाठ वाचतात, ठेवून देतात. 'पुरस्कारप्राप्त' दिसलं की अजून दोन पानं उलटतात, एवढंच, पण कवितेच्या पुस्तकाला ती दोन पानंच मिळत नाहीत ना. वाचनालयाची खरेदी करणारे तर आधी तेच विचारतात. कोळशाची रेघ कितीही सुंदर असली तरी ती मला विकता येत नाही.

दीडफर्मा
@मुद्राराक्षस काल रात्री बसून शोधले, एकशे बारा निघाले!! त्यातले एकोणीस खरे रफार. एका कवितेत 'दर्या' मुद्दामच होता, तो मी जवळजवळ दऱ्या करून टाकला होता, सरांनी फोनवर वाचवला.
@बुकस्टॉलवाली राग कसला ताई, तुमचंच खरं असेल पण मित्राला काय तोंड दाखवू.

जुनाखिळा
मी तेवीस वर्षं हाताने खिळ्यांची जुळणी केली आहे, नंतर छापखान्यानेच डीटीपी (संगणकावरची जुळणी) घेतलं आणि आम्हाला काउंटरवर बसवलं. त्यामुळे तुमच्या सरांचं वाक्य ऐकून हसू आलं. कवितेला मिळाला, फॉन्टला नाही. बरोबरच आहे त्यांचं. शासनाचे वाङ्मय पुरस्कार आहेत, त्यात कविता, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय असं सगळं असतं, प्रकाशकालासुद्धा श्री. पु. भागवतांच्या नावाचा पुरस्कार आहे. प्रकाशकांच्या संघटना ग्रंथनिर्मितीसाठी म्हणून देतात तेवढंच काय ते पुस्तकाच्या अंगाकडे बघणं, आणि तिथेही स्टेजवर प्रकाशक जातो आणि फार तर चित्रकार जातो. पान ज्याने लावलं तो खाली खुर्चीवर, तोही बोलावलं असेल तर.

जुन्या पुस्तकात मुद्रकाचं नाव आणि ठिकाण असायचंच कारण १८६७ चा छपाईचा कायदाच तसा होता. जुळणाऱ्याचं नाव लिहा असं कुठला कायदा सांगत नव्हता. निर्णयसागर म्हटलं की जावजी दादाजी आठवतात, १८६९ चा छापखाना, संस्कृत ग्रंथ देशभर गेले तिथून. पण त्या टाइपाचे पंच (अक्षराचे मूळ धातूचे ठसे) ज्यांनी कापले ते राणूजी रावजी आरू किती जणांना माहीत आहेत? बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले, भाषा संचालनालयाने छापले, तेही इंग्रजीत, म्हणून आमच्या छापखान्यात ते कुणी वाचले नाहीत. मालकाने कपाटात ठेवले होते, काच लावून.

एक गंमत सांगतो. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळतो तेव्हा रकमेबरोबर जो ताम्रपट देतात तो सत्यजित राय यांनी डिझाइन केलेला आहे. सिनेमाच्या आधीपासून हा माणूस पुस्तकांची मुखपृष्ठं करत होता, रे रोमन नावाचा इंग्रजी टाइपसुद्धा काढला त्याने. म्हणजे अक्षरवाल्याने केलेला ताम्रपट शब्दवाल्यांना मिळतो. मला आवडतं हे.

बाकी शिक्का टाकू नका. सोनेरी तर मुळीच नको, साध्या छपाईत सोनेरी म्हणून जो रंग येतो तो शेणासारखा दिसतो.

लाइपझिगकर
इकडे जर्मनीतून. लाइपझिगला दरवर्षी 'जगातली सर्वात सुंदर पुस्तकं' अशी स्पर्धा असते, तिथलं सर्वात मोठं पारितोषिक म्हणजे गोल्डन लेटर, सोनेरी अक्षरच. निवडलेली पुस्तकं हातात घेऊन बघता येतात, मी बघितली आहेत. परीक्षक टाइप, कागद, बांधणी, छपाई सगळं बघतात, आत काय लिहिलंय ते कोरियनमध्ये आहे का डचमध्ये याने बिघडत नाही. गंमत म्हणजे तिथली निम्मी पुस्तकं मला वाचाविशी वाटली नाहीत, हात लावाविशी मात्र सगळी वाटली. तेव्हा सरांच्या वाक्याचं उलटं टोकही फार काही आदर्श नाहीये.

शिक्क्याबद्दल: फ्रान्समध्ये गाँकूर हा साहित्य पुरस्कार जाहीर झाला की प्रकाशक पुस्तकाला लाल कागदी पट्टा गुंडाळतात, त्यावर ठळक अक्षरात पुरस्काराचं नाव. खाली मुखपृष्ठ जसंच्या तसं. पुरस्काराची रक्कम फक्त दहा युरो, पण त्या लाल पट्ट्यावर खप कुठच्या कुठे जातो. तसा पट्टा कर ना. स्टॉलवर पट्टा दिसेल, घरी नेल्यावर माणूस काढून टाकेल नाहीतर बुकमार्क करेल.

बुकस्टॉलवाली
पट्टा चालेल!! पण घट्ट हवा, सैल असला की स्टॉलवर दोन तासात फाटतो आणि मग मी सेलोटेप लावते आणि मग तुझा मित्र मलाच बोलेल. आतल्या बाजूला दुमड चांगली अडीच-तीन इंच ठेव.

मुद्राराक्षस
पट्टा बेस्ट. एका रंगात कर, गडद विटकरी वगैरे, छपाईवाल्याकडे कटिंगचा कागद उरतोच, त्यातून तीनशे पट्टे सहज निघतील.

आतल्या पानांचं राहिलं. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाचा साइझ असेल तर १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंटची ओळ ठेव. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाचं बघून १४ वगैरे ठेवलंस तर वरच्या ओळीचा 'रू' खालच्या ओळीच्या 'कीं'वर बसतो. आणि कवितेत एखादी ओळ लांब झाली की डीटीपीवाले त्या एका कवितेचा टाइप बारीक करतात, ते करायचं नाही. ओळ मोडू दे, मोडलेला तुकडा आत सरकवून घे म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही कवीने तोडलेली ओळ नाही, कागद संपला म्हणून आलेली आहे. दोन्ही बाजू सारख्या करायच्या भानगडीतही पडू नको, कवितेला डावी कड पुरते.

जुनाखिळा
हे मोडलेल्या ओळीचं अगदी खरं. आमच्याकडे एक कवी यायचे, ते फूटपट्टी घेऊन यायचे आणि आम्ही स्टिकमध्ये (खिळे लावायच्या पट्टीत) ओळ लावताना शेजारी उभे राहायचे. वैताग यायचा. पण त्यांच्या पुस्तकात एक ओळ चुकीच्या जागी मोडलेली सापडणार नाही.

दीडफर्मा
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

पट्टा ठरला, विटकरी. चित्रकार मित्र खूश, पट्टा त्या रेघेच्या बरोबर खाली येईल असा त्यानेच मापून दिला. सर आधी नाराज होते की पट्टा काढला की पुरस्कार गेला, मग त्यांना आतल्या श्रेयपानावर एक ओळ देतो म्हटलं, तेव्हा शांत झाले. टिरो मराठीत नवीन प्रूफ काढलं, १२ वर १८, सरांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले "ल बरा आहे". याहून मोठी दाद त्यांनी मला दहावीतही दिली नव्हती.

श्रेयपानावर 'अक्षरजुळणी' पुढे आमच्या डीटीपी करणाऱ्या मुलीचं नाव टाकलंय, पहिल्या आवृत्तीत नव्हतं. तिने प्रूफ बघितलं आणि तिच्याच नावातला श हिंदी वळणाचा निघाला, त्या एका ओळीला जुना फॉन्ट राहून गेला होता. पानं परवा छपाईला जातायत. कुणाला अजून काही सुचत असेल तर आजच सांगा, विशेषतः पाठीवर बारकोड कुठे टाकू, कारण तिथेही ती रेघ वळून आलीये.