आर्ट शेलच्या आधी फ्रिट्झ पोलार्ड
कुणीतरी म्हटलंय की एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणजे १९८९ सालचा आर्ट शेल. अहो, जरा मागे जा! फ्रिट्झ पोलार्ड १९२० साली अ‍ॅक्रन प्रोजकडून खेळला (लीगचं नाव तेव्हा वेगळं होतं), संघ त्याच वर्षी विजेता ठरला आणि १९२१ मध्ये तो खेळता खेळता प्रशिक्षकही झाला. अंगकाठी लहान, पण पळत सुटला की हाती लागायचा नाही. खाली पाडल्यावर विरोधी खेळाडू मुद्दाम अंगावर कोसळायचे, म्हणून हा पठ्ठ्या पडताक्षणी उताणा होऊन खिळ्यांचे बूट वर करायचा. या आता! पुढे १९३४ ते १९४५ लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. हा काही योगायोग नाही. पोलार्डला हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत) घेतलं ते २००५ साली, जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर.